पेटी कोणी उघडायची?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

"मी मूळची सातारची. लग्नाला तेरा वर्षं झाली, नवरा इथलाच, कॅनेडियन. अकरा वर्षांच्या लेकीला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितलाय. माझ्या बाजूचा कागद एका संध्याकाळीच भरला. भावानं कुलवृत्तांताच्या पानांचे फोटो पाठवले, नऊ पिढ्या निघाल्या. सासऱ्यांकडच्याही तीन-चार पिढ्या मिळाल्या. पण सासूबाईंच्या वडिलांपाशी सगळं अडतं. ते १९०९ च्या सुमाराला, दहा-अकरा वर्षांचे असताना इंग्लंडहून एकटे आले, कुणाच्या तरी शेतावर राहिले, पहिल्या महायुद्धात लढून परतले, मग संसार केला. याच्यापुढे माहिती नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. विचारलं की म्हणतात, 'ते होम बॉय होते. त्यांना कुणी नव्हतं. राहू दे ना.' तळघरात त्यांची एक लहानशी पेटी आहे, ती कुणी उघडत नाही. लेक विचारते, आजीच्या बाबांना आई नव्हती का? सासूबाईंच्या ८५ व्या वाढदिवसाला, त्यांना आधी काही न सांगता, पूर्ण वंशवृक्ष फ्रेम करून द्यावा असं माझ्या मनात आहे. एका संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. तिथे त्याच नावाच्या माणसाचा कुणीतरी केलेला वृक्ष मिळाला, थेट सोळाव्या शतकापर्यंतचा. नवरा म्हणतो, डीएनए चाचणी करून टाक, विषय संपला. मी हे करू का? आणि करायचं तर सुरुवात कुठून?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी तुमच्या लेकीच्या प्रश्नापाशी थांबले. आजीच्या बाबांना आई नव्हती का? होती. बहुधा तिचं नावही सापडेल. ते कसं शोधायचं हे सांगतेच, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्यासमोर ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट, "त्यांना कुणी नव्हतं" हे वाक्य. सासूबाईंनी ते लहानपणापासून ऐकलं असणार आणि तुम्हीही ते जसंच्या तसं घेतलंत. ब्रिटनमधल्या संस्थांनी १८६९ पासून पुढच्या सत्तरेक वर्षांत एक लाखाहून जास्त मुलं कॅनडात पाठवली. मारिया राय, ॲनी मॅकफर्सन आणि डॉ. बर्नार्डो ही त्यातली ठळक नावं. मुलगे शेतावर, मुली घरकामाला. 'होम' म्हणजे त्या संस्थेचं वसतिगृह, त्यावरून 'होम बॉय', 'होम गर्ल'. यातली बरीचशी मुलं अनाथ नव्हतीच. कुणाची आई विधवा, कुणाचे वडील आजारी किंवा बेकार, कुणाचे दोघेही हयात पण खोलीचं भाडं भरायला पैसे नाहीत. पोटापाण्याची सोय होईना म्हणून मूल संस्थेत ठेवलं, आणि ते समुद्रापार गेलं. कॅनडात या मुलांकडे संशयानं पाहत. गुन्हेगारी रक्ताची, रोगट, कमअस्सल असं त्यांच्याबद्दल उघडपणे बोललं आणि छापलं जाई. त्यामुळे मोठेपणी कित्येकांनी बायकोलाही धड काही सांगितलं नाही. तुमच्या सासूबाई ज्या घरात वाढल्या तिथे हे मौन रोजचंच होतं. त्यांच्या "राहू दे" मध्ये नकार किती आणि वडिलांची लाज झाकायची सवय किती, हे तुम्हाला-मला बाहेरून कळायचं नाही. त्यांना शांतपणे विचारलं तरच कळेल.

दुसरी गोष्ट, तुमची बाजू "भरली" आणि त्यांची "अडली" हा हिशेब. कुलवृत्तांताची ती पानं पुन्हा एकदा बघा. नऊ पिढ्या आहेत, पण त्यातल्या लेकी लग्नाशी थांबल्या असतील, आणि सुनांची माहेरची नावं किती ठिकाणी आहेत? माझ्याच घरचं सांगते. काकांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते. तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं, त्यांनी लाल फडक्यात बांधलेली वही सोडली, आणि दहा मिनिटांत पणजोबांची सही समोर. अंगावर काटा आला. पण पणजीचं माहेर त्या वहीत नव्हतं. आजही मला ते माहीत नाही. तेव्हा लेकीच्या कागदावर रिकामे चौकोन दोन्हीकडे आहेत, एवढं तिला जरूर दाखवा. आपल्या बाबांचंच घर तेवढं अपुरं, असं तिच्या मनात बसायला नको.

आता फ्रेमचं. ती गुपचूप देऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. तुमची माया मला दिसते आहे. पण या शोधात काय निघेल याचा भरवसा नसतो. जन्मदाखल्यात वडिलांचा रकाना कोरा असू शकतो. आईचा पत्ता वर्कहाऊसचा, म्हणजे तिथल्या अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमाचा, असू शकतो. कधी भावंडांची नावं निघतात आणि कळतं की ती याच प्रांतात, तासाभराच्या अंतरावर राहिली, मेली, आणि एकमेकांना कधी भेटली नाहीत. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईनं हे केकसमोर, पाहुण्यांदेखत, काचेमागे वाचावं का? आणि आनंदाची बातमी निघाली तरी ती कळण्याचा पहिला मान त्यांचा आहे. ते तुमच्या नवऱ्याचे आजोबा खरे, पण सासूबाईंचे ते बाबा होते.

म्हणून विचारा. मात्र "होम बॉय होते म्हणजे नेमकं काय" असं थेट विचारू नका, ते दार त्या लगेच लावून घेतील. एखाद्या दुपारी जुने फोटो काढून बसा. बाबा चहात साखर किती घ्यायचे, कुठलं काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत, कशाला घाबरायचे, नाताळात त्यांना कुठून पत्र यायचं का, त्यांच्या बोलण्याची ढब इथल्या लोकांपेक्षा वेगळी होती का. बोलणं रंगलं तर फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण त्यांना सांगून. मग म्हणा, "आई, बाबांचे कागद ओटावाच्या सरकारी दप्तरात आहेत. आपण दोघी मिळून बघू या का? नको असेल तर नको." त्यांना हेही सांगा की २०१० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी या मुलांची माफी मागितली, २०१७ मध्ये कॅनडाच्या संसदेनं एकमतानं दिलगिरीचा ठराव केला आणि २८ सप्टेंबर हा दिवस इथे ब्रिटिश होम चाइल्ड दिवस म्हणून पाळतात. वडिलांची जी गोष्ट लपवायची म्हणून त्या शिकल्या, तिच्याबद्दल देशानं मान खाली घातली आहे, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

त्या नाहीच म्हणाल्या तर? तर माझं मत असं. जनगणना, जहाजाच्या याद्या, सैन्याची फाईल हे सार्वजनिक कागद आहेत. आजोबा तुमच्या नवऱ्याचेही होते, ते त्यानं बघावेत आणि स्वतःपाशी ठेवावेत. संस्थेकडची खासगी फाईल आणि तळघरातली पेटी मात्र सासूबाईंच्या शब्दाशिवाय उघडायची नाही.

आता सुरुवात. ज्या संकेतस्थळाची वर्गणी भरलीत तिथल्या सोळाव्या शतकापर्यंतच्या वृक्षाला हात लावू नका. नाव सारखं म्हणजे माणूस तोच, असं धरून एकानं जोडलं की दहा जण त्याची नक्कल करतात. सोपी कसोटी सांगते: प्रत्येक जोडाखाली मूळ कागदाचं चित्र आहे का ते बघा. नसेल तर ती ऐकीव गोष्ट समजा. आणि पुढच्या वर्षी वर्गणी भरण्याआधी गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. कॅनडातल्या पुष्कळ वाचनालयांत ॲन्सेस्ट्री या वंशशोधाच्या संकेतस्थळाची वाचनालय आवृत्ती सभासदांना फुकट वापरता येते. फॅमिलीसर्च हे तसंच दुसरं संकेतस्थळ तर सगळ्यांनाच फुकट आहे.

तुमचा खरा खजिना म्हणजे ओटावातलं राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागार, लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा. घरबसल्या, एक पैसा न देता बघता येतं. तिथे होम चिल्ड्रनची वेगळी सूची आहे. ओटावा परिसरातल्या एका वंशशोधक मंडळाच्या स्वयंसेवकांनी जहाजांच्या याद्या वाचून ती नावं उतरवून काढली आहेत. त्यात आजोबांचं नाव, वय, जहाज, पोहोचल्याची तारीख आणि कुठल्या संस्थेनं पाठवलं ते मिळण्याची चांगली शक्यता आहे. संस्थेचं नाव हीच पुढची किल्ली. नाव शोधताना हट्ट धरू नका. हेन्रीचा हॅरी होतो, आडनावातलं एक अक्षर गळतं, वय दोन वर्षांनी इकडचं तिकडं होतं. जन्मसाल मागेपुढे दोन-तीन वर्षं धरूनच शोधा.

मग १९११ ची जनगणना. इथे थोडं थांबून बघा, कारण मला या सगळ्यात हाच कागद सगळ्यात जवळचा वाटतो. त्या वर्षी दोन्ही देशांत मोजणी झाली, इंग्लंडमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला आणि कॅनडात १ जूनला. कॅनडाच्या पानावर एका शेतकऱ्याचं कुटुंब असेल, नवरा, बायको, त्यांची मुलं, आणि सगळ्यात खालच्या ओळीत वेगळ्याच आडनावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. नात्याच्या रकान्यात बहुधा नोकर असं लिहिलेलं. जन्माचा महिना, जन्मसाल आणि देशात आल्याचं सालही असेल. आता इंग्लंडचं पान. त्या वर्षीच्या तिथल्या तक्त्यात विवाहित बाईला तीन आकडे विचारले होते: एकूण मुलं किती झाली, हयात किती, गेली किती. समजा आजोबांची आई सापडली आणि तिच्या घरात चार मुलांची नावं आहेत, पण हयात मुलांच्या रकान्यात पाच लिहिलंय. तर तो पाचवा कोण, हे तुमच्या लेकीला सांगायला नको. समुद्रापलीकडे नोकर म्हणून नोंदलेला पोरगा इकडे आईनं मोजलेला असतो. अगदी असंच निघेल याची हमी मी देत नाही. पण ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघाच.

तिसरा कागद सैन्याचा. पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांच्या सहा लाखांहून जास्त फायली याच अभिलेखागारानं संगणकावर आणल्या आहेत आणि त्या पूर्ण उघड्या आहेत. हजारो होम बॉय त्या युद्धात गेले होते. भरतीच्या अर्जावर जन्मगाव, जन्मतारीख, धंदा, धर्मपंथ, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, अंगावरच्या खुणा असं सगळं असतं. सासूबाईंना बाबांचे डोळे आठवत असतीलच, तो रकाना त्यांना वाचून दाखवा. मात्र तुमच्या दृष्टीनं महत्त्वाची नोंद "सर्वांत जवळचा नातलग" या रकान्यात आहे. तिथे काय लिहिलंय? शेतमालकाचं नाव, मित्राचं, की इंग्लंडमधल्या कुण्या बाईचं? शिवाय फाईलमध्ये पगाराची पानं असतात. सैनिकाला पगारातला ठराविक हिस्सा दर महिन्याला घरी पाठवता येई, आणि तो कुणाच्या नावे जायचा ते तिथे लिहिलेलं असतं. आई नसलेला, कुणी नसलेला मुलगा जर दरमहा इंग्लंडला पैसे पाठवत असेल, तर ते घरात सगळ्यांना कळायला हवं.

त्यानंतर १९२१ आणि १९३१ ची जनगणना बघा. ९२ वर्षं झाल्यावरच ही पानं खुली होतात, त्यामुळे १९३१ ची २०२३ च्या जूनमध्ये उघडली. तिच्यात घरी रेडिओ आहे का हेही विचारलंय, लेकीला ते गमतीचं वाटेल. सासूबाई स्वतः अजून कुठल्याच उघड्या पानावर नाहीत, १९४१ ची गणना २०३३ पर्यंत बंद राहणार. आजोबांच्या लग्नाची नोंद ऑन्टारिओच्या अभिलेखागारात, टोरांटोला यॉर्क विद्यापीठाच्या आवारात, किंवा फॅमिलीसर्चवर मिळेल. या प्रांतात जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून आहे. लग्नाच्या नोंदीत वराच्या आईवडिलांची नावं असतात. ती खरी असतीलच असं नाही. काही मुलांना ती ठाऊक नव्हती, काहींनी लाजेपायी दुसरीच सांगितली. म्हणून एकाच कागदावर विसंबू नका, दोन कागद एकच सांगतात का ते बघा.

आईचं नाव हाती आलं की इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या सरकारी कचेरीच्या, सूचीत शोधा. सूची बघायला पैसे पडत नाहीत, दाखला मागवायला पडतात. १८३७ पासूनचे जन्म त्यात आहेत आणि बहुतेक जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलंय. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या वहीत जे नव्हतं, नेमकं तेच. त्या आडनावावरून भावंडंही निघतात.

आणि शेवटी संस्था. बर्नार्डोसारख्या संस्थांनी मूल दाखल करतानाची हकिकत, पत्रव्यवहार आणि बरेचदा त्या मुलाचा फोटो जपून ठेवलाय. वारसांना तो मागता येतो. नात्याचे पुरावे लागतात, शुल्क लागतं, वाट पाहावी लागते. हा अर्ज सासूबाईंच्या सहीनं जावा असं मला मनापासून वाटतं. दहा वर्षांच्या वडिलांचा चेहरा जगात पहिल्यांदा कुणी बघायचा असेल तर तो त्यांच्या लेकीनं. आता त्यांचं वय बघता हे पुढल्या वर्षावर टाकू नका.

डीएनए चाचणीबद्दल. तुमच्या यजमानांना सांगा की ती पहिली पायरी नव्हे. चाचणीतून नावं येत नाहीत, दूरच्या चुलत-मावस नातलगांची यादी येते. कागद आधी हाती लागले असतील तरच ती यादी वाचता येते. शिवाय ज्यांनी कधी हो म्हटलं नाही अशा हयात माणसांची गुपितंही तिच्यातून बाहेर पडतात. कागदांनी दोन वर्षांत काहीच हाती लागलं नाही, तर सासूबाईंनी स्वतःहून तयारी दाखवली तरच त्यांची चाचणी करा. त्या एक पिढी जवळ असल्यानं तीच जास्त उपयोगाची. लेकीची मात्र करू नका. तिला मोठी होऊन स्वतः ठरवू दे.

तुमच्यासारखीच चौकशी करणारी आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. सासर क्वेबेकचं, फ्रेंच कॅथलिक असेल तर तुम्ही नशीबवान. तिथल्या चर्चच्या वह्या १६२१ पासूनच्या आहेत आणि बायका लग्नानंतरही माहेरच्याच आडनावानं नोंदलेल्या आहेत. फक्त एकाच घराण्याला दोन आडनावं असू शकतात, मध्ये 'दी' हा शब्द घालून लिहिलेली, हे लक्षात ठेवा. मॅनिटोबा, सस्कॅचेवन, अल्बर्टाकडचे शेतकरी असतील तर १० डॉलर शुल्क भरून मिळणाऱ्या १६० एकरांच्या जमिनीचे कागद ओटावालाच बघा. त्या प्रांतांची १९०६, १९१६ आणि १९२६ ची जादा जनगणनाही आहे. चिनी वंशाचे पूर्वज असतील तर १८८५ पासूनची चिनी स्थलांतरितांची वेगळी नोंदवही आहे. त्यांच्याकडून डोईपट्टी घेत, ती ५० डॉलरपासून वाढत १९०३ मध्ये ५०० वर गेली. अन्याय नोंदवायला वापरलेली तीच वही आज नातवंडांना उपयोगी पडते. १९३५ नंतर जहाजानं आलेल्यांच्या नोंदी मात्र अजून इमिग्रेशन खात्याकडे आहेत, त्या अर्ज करून मागवाव्या लागतात. आणि आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या कॅनडातल्या निवासी शाळेत गेलेलं घरात कुणी असेल तर विनिपेगच्या राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्राशी बोला, पण त्या घरातल्या थोरामोठ्यांना विचारल्याशिवाय एकही पाऊल टाकू नका.

ताई, लेकीचा शाळेचा कागद एवढ्या लवकर पुरा होणार नाही. त्या चौकोनात "शोध चालू आहे" असं तिलाच लिहू दे, आणि खाली तुमचंही नाव लिहा. त्या झाडावर दुसऱ्या देशातून आलेली माणसं दोन आहेत, एक सासूबाईंचे बाबा आणि एक तुम्ही. पहिल्यांदा विमानतळावर शिक्का मारून मिळालेला तुमचा कागद कुठे ठेवलाय? काढा, आणि सासूबाईंना दाखवा. कदाचित त्यावरूनच बोलणं निघेल.

पेटीबद्दल एक शेवटची सूचना. या मुलांना निघताना कपडे, बूट, बायबल असं सामान भरून अशी एक पेटी देत. सासूबाई हो म्हणाल्या तर पेटी वर आणा, पण ओल्या फडक्यानं पुसू नका. झाकणावर, बाजूला किंवा आतून चिकटवलेली चिठ्ठी, रंगानं लिहिलेलं नाव, जहाजाचं लेबल काहीही असू शकतं, आणि शंभर वर्षांचा कागद पाण्यानं लगेच सुटतो. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, उजेडात चारही बाजूंचे फोटो घ्या. मग पेटी सासूबाईंच्या खुर्चीसमोर ठेवा, आणि कडी त्यांना काढू दे.